कौल भिजवायचं राहिलं

मामीने बरणी माझ्यापुढे सरकवली. "यातलं एखादं धड निघतंय का बघ. वर्षश्राद्धाला पानाशेजारी ठेवायला हवं."

बरणी लोणच्याची, चिनी मातीची, खाली पांढरी आणि गळ्याशी तपकिरी. आत मामाचे पाच सिगार. झाकण काढल्यावर आधी जुन्या तंबाखूचा वास आला आणि त्याच्या मागून, बऱ्याच मागून, मोहरीचा. पाचांतले दोन बरे दिसत होते. तिसऱ्याच्या अंगावर बोटभर लांब चीर गेली होती. चौथ्याचं वरचं पान पापडासारखं सुटून आलं होतं आणि पाचवा हातात घेताच मोडला. तळाशी कौलाचा एक तुकडा होता, फडक्यात गुंडाळलेला. फडकं कडक, कौल कोरडं ठणठणीत.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या पानाशेजारी त्याच्या आवडीचं ठेवतात. कुणासाठी कपभर चहा, कुणासाठी विडीचा कट्टा. आजीसाठी आम्ही मिसरीची डबी ठेवायचो. मामाचं आवडीचं म्हणजे चिरूट. सिगार म्हटलेलं त्याला खपत नसे. तो सैन्यात होता, नोकरीची शेवटची वर्षं तामिळनाडूत गेली आणि तिथून येताना त्याने पेन्शनीबरोबर दिंडिगलच्या सिगारची सवय आणली. चिरूट हा शब्दही तिकडचाच, तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. आठवड्याला एक, रविवारी संध्याकाळी, साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या घराच्या सोप्यात, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून. डॉक्टरांनी तोही बंद करायला सांगितला होता आणि डॉक्टरांचंच बरोबर होतं. तंबाखूची वकिली करायला मी बसलेलो नाही.

पण त्या रविवारआधीचा शनिवार मला लहानपणापासून पाठ आहे. शनिवारी मामा बरणीतलं कौल काढायचा, तांब्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि बघत बसायचा. कौलातून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायची. बुडबुडे थांबले की कौलाचं पोट भरलं. मग ते पुसायचं, कोरड्या फडक्यात गुंडाळायचं आणि बरणीच्या तळाशी ठेवायचं. सिगारला पाणी लागू द्यायचं नाही, पण पाण्याच्या शेजारी ठेवायचं. शौकीन लोक यासाठी खास लाकडी पेट्या घेतात, त्यात काटा बसवतात आणि हवेतला ओलावा शंभरात पासष्ट ते सत्तरवर राखतात. मामाचा काटा म्हणजे त्याचा अंगठा. सिगार चिमटीत धरून किंचित दाबायचा. कुरकुरला तर तहानलेला, दबून राहिला तर जास्त प्यालेला, दबून परत वर आला तर बरोबर.

"कौल कुणी भिजवलं नाही का गं?" मी विचारलं.

"ते त्यांचं काम होतं," मामी म्हणाली. "मी त्या बरणीला हात लावत नव्हते."

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. नातेवाइकांत फाटलेलं-तुटलेलं काही निघालं की माझ्याकडे येतं. बरणी मांडीवर घेऊन एसटीने कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला आलो. चैत्र होता. या दिवसांत सांगलीच्या दुपारी हवेत पाणी म्हणून राहत नाही. तासगावकडे शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असतात आणि हीच कोरडी हवा त्यांना पंधरा-वीस दिवसांत बेदाणा करून टाकते. जी हवा तिकडे पैसा देते ती माझ्या बरणीला मारक होती. साताऱ्यातून दुखणं आणलं आणि आणलं ते उन्हाळ्याच्या तोंडात.

पहिल्याच दिवशी मी घाण केली. पान वाळलंय तर ओलं करू, असा सरळ विचार करून ओल्या फडक्याने तो चिरलेला सिगार पुसून काढला. तासाभरात बोटभर चीर दोन बोटं झाली. कारण नंतर कळलं. सिगारचे तीन थर असतात. आत तंबाखूच्या पानांचं भरण, त्याभोवती ते बांधून धरणारं जाड पान, आणि सगळ्यात वर वेष्टनाचं पातळ, तलम पान, खालपासून डोक्यापर्यंत तिरकं गुंडाळत नेलेलं, पायाला पट्टी बांधतात तसं. पाणी एकदम मिळालं की आतलं भरण फुगतं. वरचं पान तेवढं ताणलं जात नाही, मग ते उसवतं. या वरच्या पानाचे लाड फार. अमेरिकेत कनेटिकट राज्यात ते कापडी मांडवाखाली, उन्हापासून झाकून वाढवतात. आपल्या देशात उत्तर बंगालमध्ये कूचबिहारच्या दिनहाटा भागात वेष्टनाचा तंबाखू होतो. एवढ्या लांबून आलेलं, रेशमाच्या जातीचं पान, आणि मी त्याला फरशी पुसल्यासारखं पुसलं.

मग आठवली मिरज. चीर, ताण आणि कोरडी हवा हा ज्यांचा रोजचा धंदा ते लोक तिथे सतारमेकर गल्लीत बसलेले असतात. मिरजेचा हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीतून सुरू झाला असं तिथे सांगतात. तो सुरू करणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारी मागे पडल्या तेव्हा नादुरुस्त वाद्यं हातात घेतली, आणि दुरुस्त करता करता नवी घडवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेलो त्या दुकानात एक भोपळा उघडा पडला होता. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. त्याच्या पोटाला केसासारखी चीर होती, आणि कारागीर आतल्या बाजूने तिच्यावर पातळ ठिगळ बसवत होते. बाहेरून काही कळणार नाही. मी संकोचत खिशातून सिगार काढला. त्यांनी तो तंबोऱ्याइतक्याच गांभीर्याने उजेडात धरला.

"सरस नको," ते म्हणाले. "तोंडात जायची वस्तू आहे. बाभळीचा डिंक घ्या, पातळ. आणि गुरुजी, घाई करू नका. चीर का पडली ते थांबल्याशिवाय चीर भरू नये. आज भरली तर उद्या शेजारी दुसरी पडते."

डिंक मिळाला, तत्त्व मिळालं. हात मात्र आक्कांचा मिळाला.

आक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात. माहेर निपाणीचं, तंबाखूच्या गावातलं. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी 1981 मध्ये निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला होता, तेव्हा आक्का शाळकरी होत्या. डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन त्या आईबरोबर रस्त्यावर गेल्या होत्या. त्या आंदोलनावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबाराचं विचारलं की त्या विषय बदलतात. लग्न होईपर्यंत आईच्या शेजारी बसून त्यांनी विड्या वळल्या. त्यांच्या पुढे मी बरणी ठेवली तर त्यांनी सिगारकडे नाही, कौलाकडे पाहिलं.

"ह्येला पाणी कवा दिलंतासा?"

"आठ दिवसांपूर्वी एकदा."

"आन् झाकण उघडून बघत बसलासा आसशीला रोज." हे खरं होतं. "पान कडक झालंय की वो. आदी त्येला दमट होऊ द्या. पानाला कळू द्या की आता पाणी हाय म्हणून. मग त्ये आपसूक ऐकतंय."

विडीचं पान तेंदूचं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं. गडचिरोली-गोंदियाच्या रानातून एप्रिल-मेच्या उन्हात तोडलेलं, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून वाळवलेलं. आमच्याकडे एकेकाळी आपट्याच्या पानाच्याही विड्या होत, दसऱ्याचं सोनं ओढून धूर काढायचा. वाळलेलं तेंदूपान तसंच वळायला घेतलं तर मोडतं. म्हणून रात्री भिजवून ओल्या तरटात गुंडाळून ठेवायचं. सकाळी ते कातड्यासारखं मऊ होतं. मग पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, जाड शीर वगळायची, चिमूटभर तंबाखू भरायचा, बोटांनी वळायचं, नखाने तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा कट्टा, आणि मजुरी हजारावर. आक्कांनी हे सांगितलं नाही, करून दाखवलं, हातात काही नसताना. चाळीस वर्षांनीही बोटं चुकली नाहीत. अंगठ्याचं नख शेवटी हवेत मुडपलं तेव्हा मला तिथे विडी दिसली.

त्यांच्या हुकमाप्रमाणे कौल भिजवलं, बरणी बंद केली आणि कपाटाच्या तळाशी, भिंतीला लागून ठेवली. सहा दिवस झाकण उघडायचं नाही. सातव्या दिवशी चीर तीच होती, पण कडा मवाळ झाल्या होत्या, वळवल्या तर वळत होत्या. पाचव्या, मोडलेल्या सिगारचं वरचं पान आक्कांनी नखाने सोडवलं. हात पुढे गेला, पान मागून आलं, तिरक्या रिबिनीसारखं, न फाटता. ते पाटावर पसरलं. त्याच्या शिरा बारीक, सुती कापडाच्या विणीसारख्या. चिरेपेक्षा करंगळीच्या नखाएवढा जास्त तुकडा कापला. "शिरांची वाट एकच ठेवा," आक्का म्हणाल्या. "आडवं ठिगळ लावलं तर वरचं एकीकडं वडतंय, खालचं दुसरीकडं." मी दोन नंबरच्या ब्रशने डिंक लावला. आयुष्यभर या ब्रशने पोरांच्या चित्रांतली बोटं नि पापण्या दुरुस्त केल्या. चिरेच्या कडा उचलून आतून एक हात, ठिगळाला एक हात. आक्कांनी अंगठ्याने दाबून तळहाताखाली सिगार पाटावर एकदाच फिरवला. ठिगळ दिसेनासं झालं. नाही, खोटं कशाला सांगू, दिसत होतं, पण शोधावं लागत होतं.

मी खूश होऊन तो आक्कांच्या हातात दिला. त्यांनी कानाजवळ नेऊन दाबला, फिरवला, उजेडात धरला आणि पाटाच्या डाव्या बाजूला टाकला.

"छाट."

आणि मग हसू लागल्या. मला मात्र तो शब्द लागला. छाट म्हणजे नापास. वळलेल्या विड्या द्यायला गेलं की मालकाचा माणूस एकेक चिमटीत धरायचा. पान चिरलंय, तोंड उसवलंय, दोरा ढिला आहे, ती डावीकडे. डावीकडच्या विडीची मजुरी नाही, पान आणि तंबाखू मात्र गेलेलं. विडी आणि सिगार या दोन वस्तू एका वाक्यात मी फक्त कायद्यात पाहिल्या आहेत. 1966 साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी एकत्र कायदा केला, आणि त्याखालच्या नियमांनी छाटीवर मर्यादा घातली, शेकडा पाचाच्या वर सहसा काढायची नाही. "पाच? आमच्या येळंला मोजत कोण हुतं," आक्का म्हणाल्या. "आई रातीला चिमणी लावून चिरलेल्या विड्या उकलायची. पान बाद, तंबाखू तेवढा वाचवायचा. पान जोडत कोन बसनार वो? जोडायला लागली तर हजार कवा व्हायच्या?"

मी एका सिगारला चौदा दिवस दिले होते. हिशेब मनात आला आणि मी तो पुढे केला नाही.

वैशाखात सातारला गेलो. मामीने केळीच्या पानावर सगळं वाढलं. पुरणपोळी, भजी, त्याला आवडायची ती गवारीची भाजी. पानाच्या उजव्या हाताला मी सिगार ठेवला, ठिगळाची बाजू खाली करून. पान गच्चीवर नेलं. कावळा आला, भजं उचललं, सिगारकडे मान तिरकी करून पाहिलं आणि कठड्यावर जाऊन बसला. धाकट्या भाच्याने ठरवलं की आजोबांना आता डॉक्टरांचं पटलं असावं.

दुपारी सगळे लवंडले. ऊन उतरल्यावर पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात मामी ओट्यापाशी उभी होती. सिगार पुसून तिने बाजूला ठेवला होता. पुढ्यात बरणी उघडी, आणि हातात ते कौल. तिने ते तांब्यात सोडलं. मला पाहून ती काही बोलली नाही, फक्त थोडी बाजूला सरकली, मला दिसेल अशी. आम्ही दोघं तांब्यात बघत राहिलो. बुडबुडे बराच वेळ येत होते.