मिनिटाला ४२ थेंब

मद्रासच्या सरकारी सामान्य रुग्णालयात १८७१ साली परिचर्या-शिक्षण सुरू झाले: सहा महिने मुदतीचे, सुईणींसाठी, अवघ्या चार विद्यार्थिनींचे. आज त्याच चेन्नईत बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा विद्यापीठीय अभ्यासक्रम आहे. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे. एका मिलिलिटरचे थेंब २०. विद्यार्थिनी गणित मांडते: मिनिटाला सुमारे ४२. मिलिलिटरला ६० थेंब पाडणाऱ्या नळीवर हीच गती ठेवली, तर बाटली संपायला १२ तास लागतील. शरीरातले पाणी वेळेत भरून निघणार नाही. समाज या कामाला ‘सेवा’ म्हणून हात जोडतो. त्यातले विज्ञान मात्र रात्रपाळीत, घड्याळाकडे पाहत, मुकाट्याने थेंब मोजत असते.