मुलीच्या पदवीसाठी धुळे-जळगावची एक फेरी

वाचकहो, बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. पोरीला पुढे काय शिकवायचे? डॉक्टरकीइतके गुण पडलेले नसतात, मास्तरकीच्या जागा निघत नाहीत, आणि मग कोणीतरी स्थळाचा कागद घेऊन येते. यंदा तुमच्या घरी हा प्रश्न असेल तर माझ्याबरोबर धुळ्याहून जळगावला चला. माझी भाची बरोबर आहे. ती मला फुई म्हणते. तिच्या डोक्यात गृहविज्ञानाची पदवी आहे आणि तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, डोक्यात ती अजून शिरलेली नाही.

एसटी सुटायला अवकाश होता म्हणून आम्ही आग्रा रोडवर चक्कर मारली. धुळ्याचा हा रस्ता म्हणजे कापडाचा बाजार. एका दुकानदाराला मी सहज विचारले, "एवढ्या साड्या आखाजीच्या आधी मागवता तरी कशावरून?" तो हसला आणि म्हणाला, "अंदाजावरून, ताई. अंदाज चुकला की वर्षभर तेच गठ्ठे उलटसुलट करायचे." कोणता रंग, कोणता पोत, किती नग, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या भावाने, हा सगळा हिशेब शास्त्राने शिकवणारा विषय आता पदवीला असतो. त्याला फॅशन मर्चंडायझिंग म्हणतात. नाव ऐकून आपल्याकडचे लोक नाक मुरडतात. पण कपाशी पिकवणाऱ्या घराने तरी मुरडू नये. आपला कापूस जिनिंगमध्ये जातो, त्याच्या गाठी होतात, आणि तोच कापूस साडी होऊन आग्रा रोडवर परत येतो. मधला सारा नफा कोणाच्या हातून फिरतो हे आपल्या घरात एकाला तरी कळायला हवे.

मुकटी मागे पडली आणि पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यालगत एका शेतात बाया पऱ्हाट्या वेचताना दिसल्या. बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी टांगलेली, आणि चार-पाच वर्षांची एक पोरगी तिला झोका देत उभी. हे चित्र तुम्ही हजारदा पाहिले असेल. मीही पाहिले आहे, किंबहुना मी स्वतःच तशी झोका देत उभी राहिलेली आहे. आपल्याला त्यात दोन लेकरे दिसतात. बालविकास शिकलेल्या मुलीला त्यात बरेच काही दिसते. झोळीतल्याने मान केव्हा धरली, बसायला केव्हा लागले, वजन वयाच्या मानाने किती, आणि झोका देणारीच्या वाट्याला खेळ येतो की नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा १९४९ साली विद्यापीठाबरोबरच आली. हंसाबेन मेहता तेव्हा कुलगुरू होत्या. त्या शाखेची स्वतःची 'चेतन बालवाडी' आहे. विद्यार्थिनी तिथे लेकरांत बसून निरीक्षणे लिहितात. आजारी पिकाचे पान उलटून पाहणारा कृषी पदवीधर असतो, तसाच हा प्रकार समजा.

आणि हे शहरी खूळ आहे असे कोणी म्हणू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातूनच अंगणवाडी आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या प्रकल्पांत आपल्या राज्यातले धारणी होते. आज गावोगावी अंगणवाडी आहे आणि तिच्यावर देखरेख करणारी मुख्यसेविका असते. जिल्हा परिषदेच्या त्या पदाच्या जाहिरातीत पदवी मागतात, आणि खास करून म्हणून जे विषय लिहितात त्यांत गृहविज्ञान, बालविकास आणि पोषण असतात. हा कागद मी भावाला दाखवायला जपून ठेवला आहे.

भावाला दोष देण्याआधी माझी गोष्ट सांगते. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ साली निघाले. मी १९७९ ला बारावी झाले तेव्हा त्याचे माहितीपत्रक आमच्या घरी आले होते. आबांनी ते उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाले, "स्वयंपाक शिकायला परभणीला कशाला? चूल घरात आहे." सगळे हसले. मीही हसले. त्या पत्रकाच्या कागदात पुढे बिबड्यांचा तुकडा बांधून कोणीतरी शेतात नेला. त्या पत्रकात स्वयंपाक हे एक पान होते, बाकीची पाने कोणी उघडलीच नाहीत.

ते महाविद्यालय आजही आहे. आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात आणि विद्यापीठाला वसंतराव नाईकांचे नाव आहे. पदवी चार वर्षांची. अन्न व पोषण, मानव विकास व कौटुंबिक अभ्यास, वस्त्र, घरातल्या साधनसंपत्तीचे व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण, असे विषय त्यात येतात. बारावी विज्ञान शाखेची लागते, सीईटी द्यावी लागते. शेतकऱ्याच्या लेकरांना सातबारा जोडल्यावर प्रवेशाच्या गुणांत जादा भार मिळतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. जळगावहून मनमाड आणि तिथून परभणी, असा रेल्वेचा रस्ता सरळ आहे. बडोदे हवे असेल तर अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत सुरतेवरून. मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ आहे, अण्णा कर्व्यांनी १९१६ साली काढलेले, तिथेही गृहविज्ञान चालते.

एरंडोल, पाळधी गेले आणि बांभोरीला गिरणेचा पूल आला. नदीकाठी टेकडीवर आपले विद्यापीठ. १५ ऑगस्ट १९९० ला ते झाले, त्याआधी खानदेशची कॉलेजे पुण्याला जोडलेली होती. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. आसोद्याची ही बाई, जन्म १८८० चा, अक्षर कधी गिरवले नाही, आणि आज तिच्या नावाच्या पदव्या वाटल्या जातात. भाची खिडकीतून कमान दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. मी काही बोलले नाही.

जळगावात फुले मार्केटच्या बाजूला फॅशनच्या वर्गांच्या पाट्या बघितल्या. इथे जरा सावध राहा बरे. आमच्या शेजारच्या मुलीने एका शहरात अशाच एका वर्गाला दोन वर्षांची फी भरली, आणि शेवटी हातात जो कागद आला त्यावर कोणत्याही विद्यापीठाचे नाव नव्हते. शिवणकाम चांगले आले तिला, ते खोटे नाही, पण पदवी म्हणून तो कागद कुठेच चालला नाही. म्हणून प्रवेशाआधी कार्यालयात बसून तीन गोष्टी विचाराच: पदवी देणारे विद्यापीठ कोणते, विषय पूर्ण पदवीचा आहे की एखादाच पेपर, आणि वसतिगृह आहे का. उत्तर तोंडी घेऊ नका. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी जुलै २०२४ मध्ये सरकारने शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीचा निर्णय काढला आहे. पालकांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींसाठी तो आहे. तुमचा अभ्यासक्रम त्यात बसतो का, तेही तिथेच विचारावे.

परतीच्या गाडीला गर्दी होती. दोघी एका बाकावर दाटीने बसलो. पारोळ्याजवळ भावाचा फोन आला. मी मुख्यसेविकेचे सांगितले, परभणीचे सांगितले, वसतिगृहाचे सांगितले. तो बराच वेळ गप्प. मला वाटले रेंज गेली.

मग तिकडून आवाज आला, "आक्का, सातबारा जुना चालेल का नवीन काढावा लागेल?"