यादीत नसलेली मराठी

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच स्टाफरूममध्ये कित्येक वर्षे बसतो आणि भाषेच्या ऱ्हासाविषयी जवळजवळ रोज बोलतो. या बोलण्याची आम्हांला इतकी सवय जडली होती की, आपण स्वतः त्याबाबत काय करतो, हा प्रश्न सहसा पडत नसे. तो पडला मुंबईच्या फोर्ट भागातील एका वकिली कचेरीत, आणि तोही नव्या लॅपटॉपांमुळे.

या कचेरीसाठी आम्ही सुट्टीत अनुवाद तपासून देतो. राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मात्र १९९८च्या अधिसूचनेने मराठी ठरली. साहजिकच खालून वर जाणाऱ्या प्रकरणांबरोबर खरेदीखते, फेरफार, मृत्युपत्रे यांचे इंग्रजी करावे लागते. मूळ मराठी मजकूर टंकित करण्याचे काम कचेरीतले ज्येष्ठ कारकून करीत. सारे त्यांना काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. मराठी टंकलेखन यंत्रावर तयार झालेली त्यांची बोटे. संगणक आल्यावरही तीच कळरचना त्यांनी कायम ठेवली होती.

मागल्या उन्हाळ्यात कचेरीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी नवे लॅपटॉप घेतले. पूर्वी असे यंत्र आले की तंत्रज्ञ अर्धा दिवस त्यापुढे बसे: एकेक प्रोग्रॅम टाकायचा, प्रिंटर जोडायचा, पासवर्ड ठरवायचा. या वेळी तसे काही झाले नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली आणलेल्या ऑटोपायलट नावाच्या व्यवस्थेत यंत्राची ओळख आधीच कचेरीच्या नावे नोंदवलेली असते. कर्मचाऱ्याने खोके उघडायचे, इंटरनेट जोडायचे, कचेरीचा ईमेल आणि पासवर्ड द्यायचा. पुढे ठरलेल्या यादीबरहुकूम सारे आपोआप उतरते. डिस्कवरचा मजकूर सांकेतिक होतो, यंत्र हरवले तर दुरून पुसता येते, आणि कर्मचाऱ्याला स्वतः नवे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा राहत नाही.

हा जाच नव्हे, हे आम्हांला तेथल्या तरुण तंत्रज्ञाने समजावून सांगितले. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेले उघड होता कामा नये, हे तत्त्व १८७२च्या पुरावा कायद्याच्या १२६व्या कलमात होते. १ जुलै २०२४पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमात आले आहे. ज्या यंत्रात शंभर कुटुंबांची भांडणे साठवलेली, त्याला कुलूप हवेच.

तर काकांनी नवा लॅपटॉप उघडला, जुन्या खरेदीखताची फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन चिवडा उमटला. जुन्या फॉन्टांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर कधी मराठी नव्हताच. फॉन्टचा मुखवटा निघताच ते उघडे पडले. नवीन लिहावे म्हटले तर कळफलकही फक्त इंग्रजी.

"सर, बोटांना ठाऊक आहे सगळं," काका म्हणाले, "पण यंत्र ऐकूनच घेत नाही." त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

आम्ही थोड्या रागानेच तंत्रज्ञाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "यादीत मराठी नव्हती. मला कुणी सांगितलंच नाही. काय काय हवं ते लिहून द्या, पुढच्या सगळ्या मशीनवर आपोआप येईल."

खरी फजिती झाली ती येथे. काय हवे, ते आम्हां दोघांना सांगता येईना! वृत्ते, अलंकार, शुद्धलेखनाचे नियम सारे मुखोद्गत. पण आपली लिपी यंत्रात कशी वसते, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. मग शिकलो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून जागा आहे. सरकारी पुरस्काराची इन्स्क्रिप्ट कळरचना विंडोजबरोबरच येते, ती फक्त चालू करावी लागते. 'मंगल'सारखे काही फॉन्ट आता ऐच्छिक संचात असतात. काकांची टंकयंत्राची रचना मात्र वेगळी बसवावी लागते. हे सारे एका पानावर मावले.

उरल्या जुन्या फाइली. त्या युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, पण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असे. युनिकोडचा क्रम उच्चाराप्रमाणे. या उलटापालटीत चुका शिरतात. 'चतुःसीमा'तला विसर्ग गळाला, तो आम्ही पकडला. एका खतात मात्र गट क्रमांक ४५ चा हिस्सा २ होता. तिरपी रेघ नाहीशी होऊन तेथे ४५२ झाले. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते, आणि आम्ही पुढे गेलो होतो. काकांनी कागद पाहिला मात्र, म्हणाले, "मॅडम, ही जमीन दुसऱ्याचीच झाली!" ते खत पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच टंकित केले होते. त्या दिवशी आमच्या यादीत शेवटचे कलम वाढले: परिवर्तित मजकूर मूळ कागदाशी माणसाने ताडून पाहावा. ते मात्र आपोआप उतरणारे नव्हते.

पुढच्या महिन्यात एका नव्या मुलीचा लॅपटॉप आला. तिने ईमेल टाकला, चहाला गेली. परतली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीशेजारी 'मराठी' असे उमटलेले होते. तिला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. आम्हांला मात्र ते बराच वेळ पाहत राहावेसे वाटले.

भाषा कुणी हाकलून देते, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. त्या कचेरीत मराठीला कोणी हाकलले नव्हते. यादी करताना तिची आठवण करून देणारे कोणी नव्हते, इतकेच. आणि तिच्या नावाने पगार घेणारे आम्ही तेथून दहा पावलांवर बसलो होतो. यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही लिपीवरचा एक तास संगणकासमोर घेतला. विचारले, आपल्या यंत्रावर मराठी टंकित करणारे किती? मोबाइलवर बहुतेक सारे, लॅपटॉपवर तिघे. त्या दिवशी ऱ्हासावर आम्ही बोललो नाही. कळफलक चालू करून दिला.