काटकसरीतून उमललेले शहर: चार मित्र आणि ॲम्स्टरडॅमचे कालवे

ॲम्स्टरडॅमचे कालवे देखाव्यासाठी खणलेले नाहीत. दलदलीतले पाणी काढून टाकणे, घरांसाठी जमीन तयार करणे आणि माल थेट व्यापाऱ्याच्या दारापर्यंत पोचवणे, अशा निव्वळ व्यवहारी गरजांतून १६१३ साली शहराचा जो विस्तार हाती घेतला गेला, त्यातून कालव्यांचे आजचे अर्धवर्तुळ घडले, आणि २०१० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जुन्या मध्यवस्तीला वेढणारा सिंगेल आणि त्याच्या बाहेर हेरेनग्राख्ट, कायझर्सग्राख्ट व प्रिन्सेनग्राख्ट (ग्राख्ट म्हणजे शहरातला कालवा; ही तीन नावे अनुक्रमे धनिक कारभारी, सम्राट आणि राजपुत्र यांच्यावरून पडली) असे हे कालवे अर्ध्या चिरलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाबाहेर एक बसलेले आहेत. या रचनेचा नवख्या प्रवाशाला होणारा त्रास असा की, काठाकाठाने नाकासमोर चालणारा माणूस प्रत्यक्षात हळूहळू वळत असतो आणि दक्षिणेकडे म्हणून निघालेला नकळत पूर्वेला पोचतो. सुटी घालवण्यासाठी महाराष्ट्रातून गेलेल्या चार मित्रांनी पहिल्याच सकाळी नकाशा खिशात घालून याचा पडताळा घेतला; संग्रहालयाच्या वाटेला लागलेले हे मंडळ आम्स्टेल नदीच्या काठी जाऊन थांबले, आणि नदी पाहायचीच होती, असा ठराव तेथल्या तेथे एकमताने संमत झाला.

कालव्याकाठची जागा महाग असल्याने येथील घरे रुंदीला कमी, खोलीला जास्त आणि उंच अशी बांधली गेली, आणि रुंदीत केलेल्या या बचतीचा भुर्दंड जिन्याला भरावा लागला. मित्रमंडळ उतरले होते त्या जुन्या घराचा जिना जवळजवळ उभाच होता. पायरीवर पाऊल आडवे ठेवल्याशिवाय मावत नव्हते आणि कठड्याच्या जागी भिंतीलगत जाड दोर सोडलेला होता. अशा घरांच्या माथ्यावर, त्रिकोणी किंवा घंटेच्या आकाराच्या दर्शनी भिंतीतून, एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला आकडा असतो. त्यात कप्पी व दोर अडकवून पूर्वी मालाची पोती पोटमाळ्यावर चढवली जात आणि आजही घर बदलताना कपाटे, पलंग खिडकीतून आत घेतले जातात. चढणारा माल भिंतीवर आपटू नये म्हणून अनेक घरे मुद्दाम किंचित पुढे झुकवून बांधलेली आहेत. शतकानुशतके पोती उचललेला आकडा डोक्यावर रिकामा लटकत असताना चिवडा, चकल्या आणि मेतकुटाच्या डब्यांनी जड झालेल्या बॅगा खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्याव्या लागल्या, याबद्दल मंडळातील अभियंत्याने व्यक्त केलेला संताप तांत्रिकदृष्ट्या अगदी रास्त होता.

याच अभियंत्यामुळे बाकीच्यांना शहराच्या पायाचीही माहिती करून घ्यावी लागली. वरची जमीन पीट (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसभुशीत थर) आणि चिखलमाती यांची असल्याने घरांचा भार पेलण्यासाठी लाकडी खांब खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकावे लागत. डाम चौकातील राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब असल्याचे सांगितले जाते. हे लाकूड पाण्याखाली, हवेपासून दूर असेपर्यंत टिकते, म्हणूनच कालव्यांची पातळी खाली जाऊ देणे घरांना परवडणारे नाही, आणि ती समुद्रसपाटीजवळच्या एका ठरावीक शून्यरेषेच्या सुमारे ४० सेंटिमीटर खाली राखली जाते. ‘नॉर्माल ॲम्स्टरडॅम्स पाइल’ या नावाने ओळखली जाणारी ही शून्यरेषा सतराव्या शतकातील नगराध्यक्ष आणि गणिती योहानेस हुडे यांच्या काळात संगमरवरी दगडांवरील खुणांच्या आधारे पक्की केली गेली, आणि पुढे युरोपातील इतर देशांनीही उंची मोजण्यासाठी तिचा आधार घेतला. नगरभवन आणि ऑपेरागृह यांच्या सामाईक इमारतीत तिची धातूची खूण आहे. अभियंत्याने तीवर हात ठेवून फोटो काढून घेतला; उरलेल्या तिघांनी तोवर कॉफी संपवली.

सहलीचा खरा कळस मात्र नौकानयनात होता. विजेवर चालणारी छोटी उघडी नाव येथे परवान्याशिवाय तासावर भाड्याने मिळते, वेग माणसाच्या झपाझप चालण्याइतकाच असतो आणि उजव्या बाजूने जावे हा मुख्य नियम पाळावा लागतो. त्यामुळे काम सोपे वाटते. अडचण सुकाणूची असते. नावेच्या मागील टोकाला असलेला सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, ही गोष्ट समजायला एक मिनिट आणि हाताच्या अंगवळणी पडायला पूर्ण भाड्याचा काळ लागतो. दांडा हाती घेतलेला मित्र व्यवसायाने सनदी लेखापाल असल्याने डावी-उजवी बाजू आपल्याला कोणी शिकवू नये असे त्याचे मत होते, तर तिघे सल्लागार एकाच वेळी तीन दिशा सांगत होते. परिणामी प्रिन्सेनग्राख्टवर नाव आडवी झाली आणि एका घरनौकेकडे, म्हणजे कायम काठाला बांधून राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बोटीकडे, संथपणे पण निश्चयाने सरकू लागली. त्या घरनौकेच्या डेकवर एक वयस्कर गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली न ठेवता एक पाय पुढे करून नाव अलगद दूर ढकलली आणि ते पुढच्या कुंडीकडे वळले. रागावणे तर सोडाच, त्यांनी मान वर करून नीट पाहिलेही नाही, यावरून हा प्रसंग त्यांच्या नित्यक्रमातला असावा असे अनुमान निघते. कालव्याच्या तीन मीटर खोलीपैकी एक मीटर चिखल, एक मीटर सायकली आणि एक मीटर पाणी असते, हा शहरातला जुना विनोद मंडळाला त्या दिवशी पुरेसा धीर देऊन गेला, आणि त्यातल्या सायकलींच्या भागात तथ्य आहे. पालिकेला दर वर्षी हजारो सायकली कालव्यांतून उपसाव्या लागतात.

जमिनीवरच्या सायकलींचा अनुभव त्रोटकच सांगण्याजोगा आहे. पुण्यात सायकलवर वाढलेल्या मित्राला आपला जुना सराव कामी येईल अशी खात्री होती, परंतु भाड्याच्या कित्येक डच सायकलींना हातात ब्रेक नसून पायडल उलटे दाबून त्या थांबवाव्या लागतात, आणि कामावर निघालेले स्थानिक लोक मागून घंटी वाजवतात ती विनंती म्हणून नव्हे.

खाण्याच्या बाबतीत मंडळ दुभंगले. मिठात मुरवलेला कच्चा हेरिंग मासा, वर बारीक चिरलेला कांदा आणि काकडीचे लोणचे, हा हातगाडीवरचा पदार्थ वेंगुर्ल्याच्या मित्राने उभ्याउभ्या संपवला आणि आणखी एक मागवला. शाकाहारी लेखापालाने मेयोनेज घातलेल्या बटाट्याच्या तळलेल्या कापांवर दिवस काढले. वेंगुर्ल्याच्या मित्राचा या शहरावरचा हक्क केवळ माशापुरता नव्हता. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सतराव्या शतकात त्याच्या गावी होती, तिचे अवशेष तेथे आजही उभे आहेत, आणि त्याच कंपनीचे जुने मुख्यालय ॲम्स्टरडॅममध्ये आता विद्यापीठाच्या ताब्यात आहे. त्या विटांच्या चौकात उभे राहून त्याने गावाकडची जुनी बाकी मागितली, पण काउंटरवर कोणीच नव्हते. समेट झाला तो सुरिनामी खानावळीत. १८७३ पासून सुरिनाम या डच वसाहतीत नेलेल्या गिरमिटिया मजुरांचे, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील लोकांचे, वंशज १९७५ मधील स्वातंत्र्याच्या सुमारास मोठ्या संख्येने नेदरलँड्समध्ये आले आणि त्यांच्याबरोबर डाळीचे सारण भरलेली रोटी, मसालेदार बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजीही आली. चौघांची पाने एकाच वेळी रिकामी झाली ती फक्त येथे.

थट्टामस्करीच्या या सहलीत प्रिन्सेनग्राख्टवरील २६३ क्रमांकाच्या घरापुरते मौन पाळले गेले. १९४२ ते १९४४ या काळात ॲन फ्रँक आणि तिचे कुटुंबीय याच इमारतीच्या मागील भागात नाझींपासून लपून राहिले होते; खोल्या रिकाम्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांविषयी लिहिण्यापेक्षा त्या पाहणे बरे.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी या घराची तिकिटे पुष्कळ आधी ऑनलाइन काढावीत, कारण ती दारावर विकली जात नाहीत. संग्रहालयांची यादी अर्ध्यावर आणावी. लाल रंगाच्या पट्ट्यावर, म्हणजे सायकलमार्गावर, छायाचित्रासाठी उभे राहू नये. आणि नावेचे सुकाणू मंडळातील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाकडे द्यावे.