मिरीच्या शोधात निघालेली जहाजे

आपल्या मराठी वर्गातील मुलांना मी दरवर्षी एक गृहपाठ देते: आजीच्या घरातील दहा वस्तूंची नावे लिहून आणा. कागदावर हटकून येतात ते शब्द म्हणजे बटाटा, पाव, काजू, पेरू, मिरची, बादली, चावी. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या एखाद्या आजीला यातले बहुतेक शब्द कळलेच नसते. काही शब्द पोर्तुगीजांबरोबर आले, काही वस्तू अमेरिकेतून त्यांच्या जहाजांतून आल्या, आणि आता ते सगळे इतके आपले झाले आहे की परके म्हटले तर राग यावा.

मिरचीचेच पाहा. युरोपला हवी होती ती मिरी. ती मलबारात पिके, अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तांबड्या समुद्राकडे जाई, तिथून अलेक्झांड्रिया आणि मग व्हेनिस. प्रत्येक हाताला नफा, म्हणून शेवटच्या गिऱ्हाइकाला ती फार महाग पडे. हे मधले हात टाळावेत म्हणून कोलंबस 1492 साली पश्चिमेकडून हिंदुस्थानला निघाला आणि अमेरिकेच्या बेटांवर जाऊन पोहोचला. तिथे मिरी नव्हती, एक तिखट लाल फळ होते. त्याने त्यालाच मिरी ठरवले. पुढे मराठीने मिरीवरून ‘मिरची’ केली आणि हिब्रूने ‘पिलपेल हारिफ’, म्हणजे तिखट मिरी. ‘पिलपेल’ हा शब्द तरी कुठला? त्याचे मूळ आपल्या संस्कृत ‘पिप्पली’त आहे. म्हणजे मुलांनो, तुम्ही इथल्या बाजारात पिलपेल मागता, तेव्हा नकळत हिंदुस्थानचेच नाव घेता.

आपल्या नारळाच्या दुधातल्या माशाच्या कालवणाचा लाल रंग या जहाजांनी दिला. त्याआधी तिखटपणाला मिरी आणि आले. आमच्या शेजारच्या हिंदू बायका उपवासाला साबुदाण्याची खिचडी करत, तिच्यातला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, हे चारही अमेरिकेचे! एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यात मात्र जुने जग टिकून आहे: पोहे, गूळ, नारळ, वेलदोडा, खजूर. ताटात पेरू किंवा अननसाची फोड ठेवली असेल, तर तेवढी एक पाहुणी.

पण या जहाजांनी फक्त फळे आणि भाज्या आणल्या असे समजू नका. आम्हाला शाळेत शिकवत, की वास्को द गामाने हिंदुस्थानचा शोध लावला. त्याला वाट कोणी दाखवली, हे त्या धड्यात नसे. विषुववृत्त ओलांडले की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो. मग आपण किती दक्षिणेला आलो, हे कसे ओळखायचे? दुपारच्या सूर्याची उंची मोजायची. पण त्यासाठी तो त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, हे माहीत हवे. ती कोष्टके एका यहुदी ज्योतिर्विदाने, सालामांकाच्या अब्राहाम झकूतो यांनी, मुळात हिब्रूत तयार केली होती. 1496 साली ती पोर्तुगालमधील लैरिया येथे छापली गेली. झकूतो तेव्हा पोर्तुगालच्या राजाचे ज्योतिर्विद होते, कारण 1492 मध्ये स्पेनने आपल्या लोकांना हाकलले तेव्हा ते तिथून पोर्तुगालला आले होते.

आता पुढचे वर्ष बघा. 1497 च्या वसंतात, पेसाखच्या सुमारास, त्याच राजाने यहुदी मुलांना आईबापांपासून ओढून बाप्तिस्मा देण्याचा हुकूम काढला. 8 जुलैला त्याच राजाची जहाजे लिस्बनहून निघाली. ज्यांच्या कोष्टकांवर पोर्तुगीज खलाशी वाट काढत, त्या झकूतोंना पळून ट्युनिसला जावे लागले. 20 मे 1498 रोजी वास्को द गामा कालिकतजवळ उतरला, तोही पूर्व आफ्रिकेतील मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्याच्या मदतीने. अरबी समुद्राचे मोसमी वारे इथल्या खलाशांना शतकानुशतके ठाऊक होते.

दुसरे नाव आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. गार्सिया द ओर्ता हे वैद्य. त्यांचे आईबाप स्पेनमधून हाकललेले यहुदी, पोर्तुगालात जबरीने ख्रिस्ती झालेले. 1534 मध्ये ते गोव्याला आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यांनी उपचार केले, आणि मुंबई बेट त्यांना खंडाने मिळाले होते. आंबा, नारळ, आले, वेलदोडा, पटकीचा रोग, जे जे पाहिले ते त्यांनी लिहून काढले. 1563 साली गोव्यात छापलेले त्यांचे पुस्तक चारच वर्षांत लॅटिनमध्ये संक्षेपाने युरोपला पोहोचले आणि तिथले वैद्य हिंदुस्थानची औषधे त्यातून शिकले. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन बसले होते. ओर्ता 1568 मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याबद्दल जाळले. 1580 मध्ये ओर्तांची हाडे उकरून काढून तीही जाळली. ज्ञान ठेवून घेतले, माणूस नाकारला.

आपले दुःख सांगताना इतरांचे विसरू नये. अमेरिकेत देवीसारख्या रोगांनी गावेच्या गावे ओस पडली, कारण त्या लोकांच्या अंगात त्या रोगांशी झुंजण्याची शक्ती नव्हती. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसे बेड्या घालून जहाजांत चढवली गेली, उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबायला. साखर स्वस्त झाली ती अशी.

कोकणात आपल्या पूर्वजांच्या गावांजवळच चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला होता. तो 1740 मध्ये मराठ्यांनी घेतला, पण शेजारच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. कोचीनला मात्र 1662 मध्ये पोर्तुगीजांनी यहुदी वस्तीवर हल्ला करून सिनेगॉग जाळले. पुढच्या वर्षी डच आले आणि ते पुन्हा उभे राहिले. त्या कोचीनचे शिक्षक पुढे आपल्या बेने इस्राएल वस्त्यांत धर्म शिकवायला आले. म्हणून ‘युरोपियन’ असे एकच नाव देऊन सगळ्यांचा एकच हिशोब मांडता येत नाही.

नावांची गंमत तर इथेही संपत नाही. टर्की पक्षी अमेरिकेचा, पण हिब्रूत तो ‘तरनगोल होदू’, होदूचा कोंबडा, आणि होदू म्हणजे आपला हिंदुस्थान, ज्याचे नाव मगिल्लत एस्तेरच्या पहिल्याच वाक्यात आहे. आणि इथे जन्मलेल्या मुलांना आपण ‘साब्रा’ म्हणतो, तो काटेरी निवडुंग मेक्सिकोचा. त्याचे भाऊबंद देशावर शेतांच्या बांधांवर फड्या निवडुंग म्हणून उभे असतात. इथल्या मातीचा म्हणून मिरवतो तोही समुद्रापलीकडून आलेला! आपणही आलो ते कोकणातून समुद्र ओलांडूनच, म्हणून कोणाला उपरा म्हणताना जरा थांबावे.

तरुण वाचकांना माझे सांगणे एवढेच. कोणी सांगितले, की अमक्याने तमक्या देशाचा शोध लावला, तर तीन प्रश्न विचारा. तिथे आधी कोण राहत होते? वाट कोणाच्या ज्ञानाने सापडली? आणि नंतर त्या माणसांचे काय झाले? उत्तरे पुस्तकात नसतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ते आहेत तोवर विचारा.