बुलेट (जी बुलेट नाहीच)

तर मंडळी, अखेर घेतली! वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली मोटरसायकल, आणि तीही थेट साडेतीनशे सीसीची.

आधी एक कबुली. मी मूळचा माढ्याचा आणि मला गेल्या वर्षापर्यंत टू-व्हीलर येत नव्हती. आमच्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग काळजीने बघतो. माढ्यात आठवी-नववीतलं पोरगं बापाची गाडी घेऊन मोटार चालू करायला शेतात जातं. लायसन्स वगैरे पुढचं पुढे. पण मी नववीत असताना, २०११ च्या जानेवारीत, आप्पा रात्री कुर्डुवाडीहून घरी येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकले. ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. उजव्या मांडीत रॉड पडला. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. स्प्लेंडर भंगारात गेली आणि आईने जाहीर केलं, या घरात परत दोन चाकं येणार नाहीत. इंजिनिअरिंगची चार वर्षं मित्रांच्या मागे बसून काढली, पुण्यातली नोकरी कंपनीच्या बसने.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात आईला न सांगता लर्निंग काढलं. एका कलीगच्या १०० सीसीच्या गाडीवर दीड महिना सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठचा आकडा गिरवला. परीक्षा पाच मिनिटांत संपली. साहेबांनी वर न बघता सही केली. लायसन्स हातात आलं तेव्हा गंमत लक्षात आली: गिअरच्या मोटरसायकलचा आपल्याकडे एकच वर्ग आहे. १०० सीसीवर परीक्षा द्या आणि त्याच संध्याकाळी ६५० सीसीवर बसून घरी या, कायद्याची हरकत नाही. युरोपात याचे टप्पे आहेत. आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, आणि त्यानंतर हवी ती गाडी. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० ची ४७ बीएचपी म्हणजे बरोब्बर ३५ किलोवॅट होतात, हा योगायोग नाही. आपल्याकडे हे टप्पे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि स्वतःचे टप्पे ठरवायला बसलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरइतका धोकादायक प्राणी नाही.

कारण तो एक्सेल उघडतो.

माझ्या शीटमध्ये पाच गाड्या होत्या. इंटरसेप्टर, हिमालयन ४५०, चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनणारी ट्रायम्फ स्पीड ४००, होंडाची सीबी ३५० आणि क्लासिक ३५०. पॉवर, टॉर्क, मायलेज, सर्व्हिस सेंटर, सगळ्याला वेटेज. शीटचं म्हणणं स्पीड ४००: ४० पीएस, वजन १७६ किलो, क्लासिकच्या दुप्पट ताकद आणि वीसेक किलो हलकी. कागदावर स्पर्धाच नव्हती. हिमालयनवर शोरूममध्ये बसलो आणि ८२५ मिलिमीटर उंचीच्या सीटवरून माझ्या साडेपाच फुटांचे फक्त अंगठे जमिनीला लागले. ती तिथेच बाद झाली. तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंत २८ टक्क्यांचा १८, आणि वरच्यांना थेट ४०. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं. एका सीसीने वाचलेली गाडी! शीटमधले आकडे परत हलले.

पण ठरवलं ते आप्पांच्या एका प्रश्नाने. त्यांना फोनवर सगळं सांगून टाकलं होतं (आईला नाही). त्यांनी टॉर्क, पीएस सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडली तर एकट्याला उचलंल का रं?"

हा कॉलमच नव्हता. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक १९५. या न्यायाने खरं तर स्पीड ४०० च घ्यायला हवी होती. पण दुसरा प्रश्न आला, "आणि मागं मी बसलो तर?" स्पीडची मागची सीट म्हणजे पाय दुमडून बसायची जागा, आप्पांच्या गुडघ्याला ते जमलं नसतं. शिवाय माढ्यात काही बिघडलं तर हात लावणारा मिस्त्री एनफील्डचाच मिळणार. असो. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, क्लासिक घेतली. गावाकडे तिला सगळे बुलेटच म्हणतात. ही क्लासिक आहे, बुलेट वेगळं मॉडेल, हे पहिले आठ दिवस सांगून बघितलं, मग सोडून दिलं. मद्रासला १९५५ पासून बनतेय ती, साडेतीनशेचं दुसरं नावच लोकांच्या डोक्यात नाही. आमच्या शेजारचे एक काका तर अजून विचारतात, गिअर उजव्या पायाला का नाही? जुन्या बुलेटला तसा असायचा, ब्रेक डावीकडे. त्यांच्या हातात, म्हणजे पायात, ही गाडी द्यायची नाही हे मी ठरवून टाकलंय.

आईला कळल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही. चार दिवस फोन आप्पांकडेच असायचा. मग अट आली: गावाला येशील तर दिवसाउजेडी पोचायचं.

पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला उरकली आणि डिसेंबरात एका शनिवारी पुण्याहून निघालो. दोनशेच्या आसपास किलोमीटर. सोलापूर हायवेवर ७०-८० ला गाडी अशी संथ चालते की आपण चालवतोय असं वाटतच नाही, नुसते बसलोय. शहरात जे वजन जीव खातं तेच इथे कामाला येतं, बाजूने ट्रक गेला तरी हँडल हलत नाही. भिगवणला मासे खाल्ले, तिथे एक जुना मित्र भेटला, आणि गप्पांत पाच वाजले. डिसेंबरात सहाला सूर्य गायब. टेंभुर्णीत हायवे सोडून कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पूर्ण अंधार.

हंगामातला आमच्याकडचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर उसाचा डोंगर, ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्याने गाणी की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. रिफ्लेक्टर लावायची मोहीम दरवर्षी निघते, आणि लावलेल्या रिफ्लेक्टरवर दरवर्षी ऊस लोंबतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही उसाचं. म्हणजे ऊस टाकीतही आणि चाकाखालीही.

मी पंचावन्नच्या आसपास होतो. समोरून एक जीप अप्पर लाइट मारत आली, डोळे दिपले. ती गेली आणि पुढे काहीच नव्हतं. नुसता काळोख. मग त्या काळोखाला पानं फुटली. खरंच, आधी दिसली ती उसाची हलणारी पानं. ट्रॉली नाही, चाक नाही. पानं. दोन्ही ब्रेक जेवढे दाबता येतील तेवढे दाबले, एबीएसने लिव्हर बोटांखाली थडथडली, आणि गाडी थांबली. पुढचं चाक आणि ऊस यांत तीनेक हात अंतर होतं.

आणि मग, सगळं संपल्यावर, मी डावा पाय टेकवला तो पाचटावर. पाय सरकला आणि १९५ किलो सावकाश, लाजत लाजत आडवे झाले. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: एकट्याला उचलत नाही. पंक्चर झालेल्या ट्रॉलीचा ड्रायव्हर आणि टोळीतले दोघं धावत आले. "लागलं का दादा?" मला काही झालं नव्हतं. पाय मात्र असे थरथरत होते की पुढची दहा मिनिटं मी त्यांच्याच ट्रॉलीमागे मोबाइलचा टॉर्च लावून उभा राहिलो, येणाऱ्यांना दाखवायला.

घरी पोचलो. आई दारातच होती, काही न बोलता आत गेली. आप्पांनी गाडीला एक चक्कर मारली. लेग गार्डवर ओरखडा, त्यात अडकलेलं पाचट. ते त्यांनी उपसून हातात धरलं. मी सांगायला लागलो तर म्हणाले, "जेव आधी."

जेवल्यावर आतून काळं घोंगडं घेऊन आले. आमचं घर गावाबाहेर, वस्तीवर, पुढच्या रस्त्याला दिवा नाही. "गाडी चालू कर. लाइट डिपरवर ठेव." घोंगडं अंगावर ओढून, माझ्याकडे पाठ करून ते रस्त्याने चालायला लागले, एक पाय ओढत. "दिसंना झालो की सांग."

मी हँडल धरून बघत होतो. पाठ, मग नुसता आकार, मग पायाची हालचाल. मग काही नाही.

"आप्पा, थांबा!"

पावलं मोजत त्यांच्यापर्यंत गेलो. अठ्ठेचाळीस. म्हणजे पस्तीसेक मीटर. तिथेच उभ्याउभ्या हिशेब केला. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि ब्रेक दाबायला एक सेकंद. ५० ला थांबायला साधारण २८ मीटर लागतात, ६० ला ३७, ८० ला ५७. साठलासुद्धा मी माझ्या बापाच्या दोन मीटर पलीकडे थांबलो असतो. मोठ्या गाडीच्या दुप्पट पीएसवर मी दोन महिने डोकं खाजवलं होतं, आणि डिपरवर रात्री वापरायला मिळतात पन्नास.

त्यांना आकडे सांगितले. "मी त्या दिवशी साठला असंल," एवढंच म्हणाले. चौदा वर्षांत त्या रात्रीबद्दल त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

मग परत येताना, "उद्या कुर्डुवाडीला जाऊन येऊ. सकाळचं."

सकाळी ते बसले उजव्या बाजूने. आखडलेल्या पायावर उभं राहायचं आणि डावा पाय टाकायचा. सायलेन्सर उजवीकडेच आहे, त्यामुळे तो तापायच्या आत बसावं लागतं, हाही कॉलम शीटमध्ये नव्हता. आई दारात उभी राहून बघत होती. वाटेत ती जागा आली. थांबू का विचारलं.

"कशाला? चल की."

कुर्डुवाडीत चहा झाला. येताना रस्ता मोकळा होता, मी आपला इमानदारीत ४५ ला. मागून खांद्यावर थाप पडली.

"जरा वढ की."

साठवर नेली. ऊन चांगलं पडलं होतं.