नोंदवहीबाहेरची माणसे

माणगाव, जि. कुलाबा,
ता. ९ जानेवारी १९७२

चि. बाळास,


तुझे पत्र पावले. गेल्या महिन्यातील युद्धाच्या ब्लॅकआउटचे तू मोठे रसभरित वर्णन केले आहेस, आणि शहरावर एकही बॉम्ब न पडल्यामुळे रयतेची हानी अशी काही झालीच नाही, असा निर्वाळाही दिला आहेस. तो मला तितकासा पटत नाही; कारण मुंबईवर बॉम्ब न पडलेले १९४२ साल मी येथल्या मामलेदार कचेरीत कारकुनी करताना पाहिले आहे.

त्याची सुरुवात आदल्या वर्षअखेरीस झाली. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमाने ब्रह्मदेशातील रंगूनवर आली, तेव्हा असा प्रसंग पूर्वी कधी न अनुभवलेले लोक आडोसा धरण्याऐवजी आकाशातील झुंज पाहण्यास रस्त्यांवर उभे राहिले आणि उभ्या जागी पडले. मृतांचा आकडा कोणी हजार सांगतो, कोणी तीन हजारांच्या घरात नेतो. एका शहराच्या हिशेबात एवढी तफावत का पडावी? माझ्या अल्पमतीप्रमाणे, गोदीवरच्या ज्या हिंदी हमालाचे नाव तो जिवंत असताना कोणत्याच दप्तरी दाखल नव्हते, ते तो मेल्यावर यादीत यावे कसे? ब्रह्मदेशभरातले जे हिंदी लोक वाचले ते आराकानच्या डोंगरांतून आणि नागांच्या मुलखातून स्वदेशी निघाले, तेही चार लाखांवर. वाटेत ताप-हगवणीने गेलेल्या हजारोंना बॉम्बच्या खाती कोणी धरीत नाही.

पुढे १९४२ च्या एप्रिलात विशाखापट्टण व काकिनाड्यावर बॉम्ब पडले, आणि मुंबईच्या गिरण्यांतली आपली माणसे बायकापोरांसह धरमतरपर्यंत बोटीने व तेथून कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारींतून इकडे येऊ लागली. एकेका पडवीत दोन-दोन बिऱ्हाडे झाली. आमच्या ओटीवर उतरलेल्या एका मुलाच्या सदऱ्याला आतून कापडाची पट्टी होती. तिच्यावर त्याच्या आईने तांबड्या दोऱ्याने नाव, गाव, तालुका असा सारा तपशील टाचला होता. ब्रह्मदेश पडल्यामुळे रंगूनी तांदूळही त्याच साली बंद झाला. खाणारी तोंडे वाढली आणि पेजेतली शिते मोजण्याची पाळी आली. ही झळ नोंदवण्यास आमच्या कोणत्याही रजिस्टरात रकाना नव्हता.

५ डिसेंबर १९४३ ला भरदिवसा कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर बॉम्ब पडून तीनशेहून अधिक माणसे मेली. त्यांतही भरणा हमालांचाच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही सुमारे १४०० टन स्फोटके वाहणारी बोट उडाली, तेव्हा जपानीच आले अशी लोकांची समजूत झाली. त्या आगीत खपलेले ६६ अग्निशामक नावानिशी स्मरले जातात, ते योग्यच. पण आमच्या पलीकडच्या वाडीतला जो हमाल त्या दिवशी परतला नाही, त्याचे नाव केवळ त्याच्या मुकादमाच्या, म्हणजे टोळीवाल्याच्या, खिशातल्या वहीत होते, आणि टोळीवालाही परतला नाही. त्या हमालाच्या बायकोचे अर्ज मीच लिहिले. ‘पुरावा जोडावा’ एवढा एकच शेरा प्रत्येक वेळी परत येई.

१९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांच्या नोंदणीची तजवीज झाली, असे वाचतो. तू गोदीतच नोकरीस आहेस, तेव्हा हंगामी माणसांची नावे आजतरी सरकारी हजेरीपटावर चढतात काय, याची चौकशी करून कळव. मामीचे गुडघे बरे आहेत. वाल यंदा चांगला आला आहे. कोणी मुंबईस येणारे भेटले की पाठवितो.

तुझा,
मामा